पुड्यामागची अक्षरं वाचणारी बाई

गोरेगावच्या बाजाराच्या दिवशी जनावरांच्या औषधांच्या दुकानात ती बाई हमखास दिसायची. तिचं गाव माझ्या वाटेवर होतं. आम्हा दोघांकडेही लोकर नसलेल्या, आखूड केसांच्या मेंढ्या होत्या. तिच्या तुकतुकीत, माझ्या मलूल. दोन तर मेल्याही. तिला पाहिलं की माझ्या पोटात दुखायचं. खनिज मिश्रणाचा पुडा उलटा करून ती मागच्या बारीक अक्षरांवरून बोट फिरवत ओळ न् ओळ वाचायची आणि मी मागे ताटकळत राहायचो. तिला विचारावं, असं कैकदा वाटलं, पण जीभ रेटली नाही.

एकदा मी माझा नेहमीचा महागडा पुडा उचलला, तर तिनं तो हातातून काढूनच घेतला.

"भाऊ, हे बकऱ्यायचं होय. यात तांबा जास्त हाय, मेंढीले सोसत नाही. काऊन मारून राहिला त्यायले?"

मेंढ्यांचा पुडा शोधून तिनं माझ्या हातात ठेवला आणि ती निघून गेली.

त्यानंतर माझी एकही मेंढी दगावली नाही. हेवा मात्र गेला नाही. आता तो तिच्या मेंढ्यांचा नाही, तिचा वाटतो. कारण हे मला आधी ठाऊक असतं, तर मी तिला सांगितलं नसतं.