धुळाप्पा आणि आमचा टायगर

धुळाप्पा वाघमोडे आमच्या शेजारी राहायला आले ते त्र्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात. सांगोल्याकडचे मेंढपाळ. दुष्काळात चारा संपला तेव्हा त्यांनी सगळी मेंढरं विकली आणि नवरा-बायको सोलापुरात आले. सुताच्या एका गोदामावर त्यांना रातपाळीची राखणदारी मिळाली. गिरणीचा सकाळचा भोंगा झाला की थोड्या वेळानं खांद्यावर घोंगडं टाकलेले धुळाप्पा गल्लीत शिरायचे. उंच, किडकिडीत माणूस, बोलणं अगदी कमी. गल्लीत दोन वर्षं काढली तरी पुष्कळांना त्यांचं नाव माहीत नव्हतं.

मी तेव्हा महापालिकेच्या शाळेत शिकवत होते. आमच्या परसातलं तांब्याचं घंगाळ चोरीला गेलं म्हणून माझ्या यजमानांनी, मल्लप्पांनी, अक्कलकोटच्या चुलतभावाकडून एक कुत्रं आणलं होतं. टायगर. फाटकाच्या खांबाला चार हाताच्या साखळीनं तो बांधलेला असायचा. "कुत्रं कसं, तापट पाहिजे," असं हे म्हणायचे. वाटेनं जाणाऱ्यावर तो धावून गेला की यांना बरं वाटायचं, आणि ओळखीच्या माणसावर धावून गेला की हेच त्याला काठीनं हाणायचे. त्याला काय कळणार, कशाला शाबासकी आणि कशाला मार!

पंच्याहत्तरच्या मार्चमधली गोष्ट. धुळाप्पांच्या बायको फुलाबाई नळाचं पाणी घेऊन आमच्या फाटकासमोरून चालल्या होत्या. टायगरनं झेप घेतली आणि साखळीचा आकडा तुटला. त्यानं फुलाबाईंची पोटरी धरली. घागर पडली, पण फुलाबाई ओरडल्या नाहीत, नुसत्या खाली बसल्या. धुळाप्पा नुकतेच कामावरून आले होते. ते धावले नाहीत. चार ढांगांत मध्ये आले, घोंगडं पुढं धरलं आणि टायगरनं त्यात तोंड घालताच त्याच्या मानेवर ते टाकून त्याला दाबून धरलं. एक फटका मारला नाही. मग साखळीचं टोक खांबाला गुंडाळून गाठ मारली.

मी दारातच होते. तो आकडा झिजलेला मला आठ दिवसांपासून दिसत होता. आज बोलू, उद्या बोलू, असं करत राहून गेलं होतं.

धुळाप्पांनी माझ्याकडून साबण मागून घेतला आणि नळाखाली जखम कितीतरी वेळ धुतली. मग दवाखाना. पोटात चौदा इंजेक्शनं, रोज एक. डॉक्टर म्हणाले, "कुत्रं दहा दिवस नजरेखाली ठेवा. ते धडधाकट राहिलं तर पुढची द्यायला नकोत."

इकडं गल्ली आमच्या दारात जमली होती. कुत्रं मारून टाका, हेच सगळ्यांचं म्हणणं. हे शरमेनं लाल झाले होते, आतून कुऱ्हाड घेऊन आले. तेवढ्यात टांगा थांबला आणि धुळाप्पा उतरले.

"आण्णा, मारू नका. दहा दिस जितं पायजे. मेलं तर हिला सगळ्या सुया घ्याव्या लागत्याल."

"आणि मी कामावर गेल्यावर त्याच्यावर नजर कोण ठेवणार?" यांनी विचारलं.

"मी बसतो की."

दुसऱ्या दिवसापासून ते खरंच येऊन बसले. कामावरून यायचे, भाकरी खायचे, फुलाबाईंना दवाखान्यात नेऊन आणायचे आणि मग आमच्या फाटकाशी. साखळीच्या टप्प्याबाहेर, टायगरकडं बाजू करून, नजर दुसरीकडं. टायगर भुंकून भुंकून थकायचा. मध्येच ते भाकरीचा तुकडा त्याच्या पुढ्यात टाकायचे आणि पुन्हा भिंतीकडं बघत राहायचे. संध्याकाळी हे आले की घरी जाऊन कामाच्या वेळेपर्यंत झोपायचे.

तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "धुळाप्पा, हा इतका अंगावर का येतो हो?"

"बाई, त्याला मागं सरायला जागा कुटं हाय? पाठीशी खांब. समोरनं कोन आलं की पुढंच यावं लागतंय." मग म्हणाले, "आन् दुपारी हितं लई ऊन येतंय. तुमी शाळेत असता."

मी शाळेत असते हे खरं. पण रविवारी तर घरीच असायची. कधी बघितलं नव्हतं.

सहाव्या दिवशी हे कामावरून आले आणि उन्हाची छत्री फाटकालगतच्या खुंटीला अडकवायला त्यांनी हात वर केला. टायगरचे ओठ वर सरकले, दात दिसले. हे लगेच ओरडले, "सुम्मनिरु!" म्हणजे गप्प बस. यांचं कानडी एरवी गोड, पण कुत्र्याशी ते कानडी बोलायचे फक्त रागात.

धुळाप्पा म्हणाले, "आण्णा, त्यानं हात बगितला. काठी आली वाटलं त्याला. ते गुरगुरलं तर गुरगुरू द्या. सांगतंय ते, लांब ऱ्हा म्हणून. मारून गप केलं की न सांगता चावतंय."

"मला शिकवू नका," हे म्हणाले. "बायकोला चावलेल्या कुत्र्याची कसली बाजू घेता?"

धुळाप्पांनी सदऱ्याची बाही वर सारली. मग खाली बघतच म्हणाले, "माजं एक व्हतं. भुऱ्या. मेंढरं इकली, तर रिकाम्या मेंढवाड्याच्या तोंडाला बसून ऱ्हायचं. कुणाला आत येऊ देईना, मलाबी न्हाय. म्या काठी घातली. त्यानं हात धरला माजा. मग म्या त्याला कुऱ्हाडीनं मारलं." त्यांनी मनगटावरचा वण दाखवला. "त्याला काम ऱ्हायलं नव्हतं, आण्णा. मला तवा कळलं न्हाय."

हे आत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र बाजारातून तार घेऊन आले. मागच्या परसात लिंबापासून भिंतीपर्यंत दोघांनी मिळून ती ताणली आणि टायगरची साखळी कडीनं तिच्यात अडकवली. आता तो या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरू शकत होता, आणि रस्ता त्याला दिसत नव्हता. खायला देऊन बाजूला व्हायचं, थाळी ओढायची नाही, हे धुळाप्पांनी सांगितलं. दहा दिवस भरले, टायगर ठणठणीत राहिला आणि फुलाबाईंची इंजेक्शनं दहावर थांबली.

टायगर गरीब झाला असं मात्र नाही. परका माणूस परसात आला तर तो आयुष्यभर धावून जात राहिला. म्हणून मागचं दार आम्ही कडी घालून ठेवत असू, आणि फिरायला नेताना हे त्याच्या तोंडाला जाळी बांधत. पण यांचा हात बघून दात दाखवणं पावसाळा सुरू झाला तोवर बंद झालं होतं. यांनीही काठी माळ्यावर टाकून दिली होती.

फुलाबाई आमच्या घरी पुन्हा कधी आल्या नाहीत. मी एकदा आग्रह केला तर म्हणाल्या, "तुमचं कुत्रं सुदारलं असंल, बाई. माज्या पायाला ते ठावं न्हाय." मग मीच शेंगाची चटणी घेऊन त्यांच्याकडं जाऊ लागले.

त्यानंतर लोक धुळाप्पांना बोलवायला लागले. ते जात, दारात बसत, बघत. सगळ्यांना एकच उपाय सांगत नसत. पलीकडच्या गल्लीत एका घरी रांगतं बाळ होतं आणि कुत्रं त्याच्यावर दोनदा धावलं होतं. तिथं ते सरळ म्हणाले, "ह्ये हितं ठेवू नका. कुत्रं वाईट न्हाय, पर पोरगं ल्हान हाय." आणि स्वतः ते कुत्रं दोरीनं वळसंगला चालवत नेऊन एका शेतकऱ्याच्या मळ्यात सोडून आले.

अठ्ठ्याहत्तर साली ते गावी परतले. आठ मेंढ्यांपासून पुन्हा सुरुवात केली. तीन वर्षांनी एका लग्नाला सांगोल्याला गेलो तेव्हा हे मला घेऊन वाट वाकडी करून त्यांच्याकडं गेले. कळप तिशीवर गेला होता, राखणीला दोन कुत्री होती. धुळाप्पांनी लांबूनच हात वर करून सांगितलं, "आण्णा, तितंच थांबा." त्यांनी कुत्र्यांना जवळ बोलावलं, एकेकाच्या मानेवर हात ठेवला आणि मग म्हणाले, "हां, या आता. हळू या."