आप्पांनी कपाट सरकवायला सांगितलं

जालन्यात दहा वर्षं भाड्याच्या दोन खोल्यांत काढून आम्ही घर घ्यायला निघालो, तेव्हा जो तो दिशाच बघून राह्यला होता. दार पूर्वेला, देवघर ईशान्येला, स्वयंपाकघर बराबर आग्नेयेला. भिंतीला मात्र कुणी बोट लावलं न्हाई. घर होतं मोठ्या दिरांच्या साडूचं, आणि नात्यातलं घर ठोकून बघणं म्हणजे दिरांना आपला अपमान वाटत होता. मंग मीच अडून बसले. म्हटलं, माझे आप्पा घर बघतील आणि मगच इसार द्यायचा.

आप्पा म्हणजे माझे वडील. परतूरला जन्मभर गवंडीकाम केलं, आता घरीच असतात. फोन केला तर म्हणाले, "बाई, सोयऱ्याच्या घरात लेकीच्या बापानं तोंड घालू न्हाई." आमच्याकडं हे खरंच आहे. लेकीचा बाप सासरच्यांपुढं फक्त चहा चांगला झाला म्हणतो. पण त्या घरात माझी पोरगी झोपणार होती, आणि एक घर फसलं तर दुसरं घ्यायची आमची ऐपत नव्हती. मी म्हटलं, "उद्या सकाळच्या गाडीनं या, न्हाईतर मी न्यायला येते." आले बिचारे.

आल्या आल्या सरळ स्लॅबवर चढले. मातीचे छोटे बांध घालून वाफे केले, मी खालून बादल्या नेऊन ओतल्या. असं पाणी कोंडून एक दिवस ठेवलं की स्लॅब गळतो का ते कळतं. साडू म्हणाले, "वहिनी, घर घ्यायचंय का मेथी लावायचीय?" सगळे हसले. हसू द्या. दुसऱ्या दिवशी छत खालून कोरडंठाक निघालं आणि दीर माझ्याकडं असं बघायला लागले, जसा तो स्लॅब त्यांनीच ओतलाय.

आप्पा मात्र मागच्या खोलीत गेले आणि तिथलं लोखंडी कपाट जरा सरकवायला सांगितलं. साडू म्हणाले, लई जड आहे, राहू द्या. मी पदर खोचला आणि नवऱ्याला म्हटलं, धरा तिकडून. मागं रंग नवाकोरा होता. आप्पांनी बोटाच्या पेरानं ठोकलं, आवाज पोकळ आला. थापीच्या टोकानं जरासं खरवडलं तर पुट्टी भराभर गळाली. खिडकीच्या कोपऱ्यापासून पार फरशीपर्यंत तिरपी भेग, आत बोट जाईल एवढी.

दीर म्हणाले, "मामा, अशा बारीकसारीक चिरा असत्यातच की." आप्पा खाली मान घालून थापी पुसायला लागले. मला त्यांचा असा राग आला म्हणून सांगू. म्हटलं, "आप्पा, माझ्याकडं बघून सांगा. पोरीला इथं झोपवू का?"

"न्हाई," ते म्हणाले. "खाली काळी माती हाय. पावसाळ्यात फुगती, उन्हाळ्यात आकसती. मुरूम न भरताच पाया घेतलाय. हे घर हलून राह्यलंय."

इसार झाला न्हाई. दीर माझ्याशी बोलायचे बंद झाले. मी म्हटलं, नका बोलू.

त्याच दुपारी आप्पांना सोडायला बसस्टँडवर गेले. बाकड्यावर बसल्यावर विचारलं, भेग बरोबर कपाटामागंच असणार हे तुम्हाला कसं कळलं?

"म्या बी तेच करायचो," ते म्हणाले. "मालकाला जल्दी असायची, मुरमाचा खर्चा नको असायचा. मंग भेग पडली की पुट्टी भरायची अन् म्हनायचं, हितं कपाट ठेवा."

त्या घरांत कोणी राहतं का, विचारलं.

"दोन घरं परतूरलाच हायत. लोकं राहत्यात."

गाडी लागली. मी नवऱ्याला फोन करून सांगितलं की आज मी घरी येत न्हाई, परतूरच्या त्या दोन घरांतली कपाटं सरकवायचीत, आणि आप्पांच्या मागोमाग गाडीत चढले.