ऐकायच्या यंत्राला डोळे कशाला?

शिवलीला अक्का पहिल्यांदा आमच्या संस्थेत आल्या, तेव्हा मला आधी ऐकू आला त्यांचा स्क्रूड्रायव्हर आणि मग त्यांचा संताप. बंद पडलेला टेपरेकॉर्डर त्यांनी मांडीवर पालथा घातला होता. "स्क्रूची डोकी घासून ठेवल्यात कंपनीवाल्या मेल्यांनी, कुणी उघडू ने म्हणून! आगं, स्क्रू हाय म्हंजे उघडायची परवानगी हाय की!"

कोल्हापुरातली आमची ही संस्था अंध बायकांची. मी तिथे राहायचे, शिकवायचे आणि स्वतः एम.ए.चा अभ्यास करायचे. मीही जन्मापासून अंध. अक्का तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत नोकरीला होत्या आणि दर रविवारी आमच्या वस्तू फुकट दुरुस्त करून द्यायच्या. माहेर गडहिंग्लजच्या पलीकडचं, त्यामुळे राग फार चढला की त्या कानडीत शिरायच्या. एरवी बोलणं अस्सल इथलं. बाई असूनही "मी आलो, मी गेलतो," असंच.

एका वर्षी कुणा देणगीदाराने संस्थेला बारा एमपीथ्री प्लेअर दिले. मुठीत मावणारे. त्यांत आमची क्रमिक पुस्तकं वाचून भरलेली होती. हार झाले, भाषणं झाली, फोटो झाले. पाहुणे गेल्यावर लक्षात आलं की कोणतं पुस्तक, कोणता धडा, हे सगळं एका इवल्याशा पडद्यावर उमटतं. म्हणजे प्रत्येक धड्यासाठी डोळस माणसाला हाक मारायची. "बाई, तेवढा चौथा धडा लावून देता का?" मी पस्तिशीची बाई, आणि वाचायला परवानगी मागत फिरत होते.

अक्का मला घेऊन थेट ते प्लेअर विकणाऱ्या दुकानात गेल्या. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "मॅडम, मेनू बघूनच वापरायचं असतं हे. यांच्यासाठी नाही बनवलेलं."

"गाणी ऐकायचं यंत्र हाय न्हवं? मग ऐकायच्या यंत्राला डोळं कशाला लागत्यात?"

तो हसला. त्या हसण्याचा राग अक्कांना पुढे महिनाभर पुरला.

त्यांनी स्वतःच्या पैशांनी तसलाच एक प्लेअर विकत घेतला. जगात कुठकुठल्या अनोळखी लोकांनी मिळून अशा यंत्रांसाठी एक सॉफ्टवेअर लिहिलं होतं. ते फुकट होतं, हवं तसं बदलायला मोकळं होतं, आणि त्यात मेनू बोलायचा. अक्कांनी कंपनीचं सॉफ्टवेअर काढून ते घातलं. दोनदा यंत्र मेल्यागत पडलं, दोनदा त्यांनी ते उठवलं. तो मेनू इंग्रजीत बोलत होता, म्हणून एकेक शब्द त्यांनी स्वतःच्या आवाजात भरला. ते जमल्यावर आमचे बाराही प्लेअर त्यांनी तसे करून दिले. मी बटण दाबलं आणि कानात अक्का ओरडल्या, "धडा चौथा! म्होरं जायाचं असंल तर उजवं बटण!"

त्या दिवशी मी दार लावून घेतलं आणि अक्कांनी गुपचूप भरलेली एक कादंबरी ऐकली. मी काय वाचते आहे, हे त्या इमारतीत कुणालाही माहीत नव्हतं. असं आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं.

मग संचालकांना कळलं. त्यांनी सगळ्यांना कार्यालयात बोलावलं. "वॉरंटी गेली. देणगीदारांना काय तोंड दाखवू? कुणाच्या परवानगीने केलंत हे?"

"जी वापरती तिच्या," अक्का म्हणाल्या आणि त्यांनी माझा हात धरून वर केला. "आणि मला सांगा, ह्या वस्तू देणगी दिल्यात का उसन्या?"

संचालकांनी मला विचारलं, "तुम्ही सांगितलं होतं का यांना?"

मी गप्प राहिले. राहायची जागा त्यांची, नोकरी त्यांची. माझा वर केलेला हात अक्कांनी हळूच खाली ठेवला. तो हळुवारपणा मला आजही सहन होत नाही.

माफीनामा लिहा, नाहीतर पुन्हा येऊ नका, असं अक्कांना सांगण्यात आलं. त्या आल्या नाहीत. अकरा प्लेअर पूर्ववत करून कपाटात गेले. माझा हरवला, असं मी खोटं सांगितलं.

अक्कांच्या घरी मात्र मी जात राहिले. पहिल्या दिवशी रडायला लागले, तर त्या करवादल्या. "रडून काय हुतंय? बस हितं, कॉम्प्युटर शिक." पडद्यावरचं वाचून दाखवणारं असंच एक फुकटचं सॉफ्टवेअर त्यांनी घातलं होतं. माझी बोटं धरून त्यांनी मला प्लेअरचं सगळं काम शिकवलं. चुकले की म्हणायच्या, "मोडलं तर मोडू दे. मोडल्याबिगर कळत न्हाय."

दोन वर्षांनी अक्का काविळीने गेल्या. संस्थेत शोकसभा झाली. संचालक म्हणाले, "बोलणारे प्लेअर हा आपल्या संस्थेचाच अभिनव उपक्रम. शिवलीलाबाईंचं त्यात मोलाचं सहकार्य लाभलं."

मी उभी राहिले. म्हटलं, "सर, त्यांना आपण हाकललं होतं. त्यांनी ते काम माझ्यासाठी केलं होतं, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मी तोंड उघडलं नाही. माझा प्लेअर हरवलेला नाही. तो माझ्याकडे आहे, आणि मी तो देणार नाही. उरलेले अकरा दोन वर्षं कपाटात पडलेत. किल्ली द्या."

माझ्या मागे एक खुर्ची सरकली. मग दुसरी. बाया उभ्या राहत होत्या.

किल्ली मिळाली. माझ्या प्लेअरमधला अक्कांचा आवाज घालून अकराही यंत्रं मी एकटीने पुन्हा बोलती केली. एक माझ्या हातून मोडलं, ते दुसऱ्या दिवशी उठवलं.