शिरूर ऐकू येईना

मी कुरकुंभच्या एका कारखान्यात गेज आणि मीटर सांभाळतो. शिफ्ट संपली की घरी येऊन रेडिओवर बोलतो. हौशी रेडिओचा रीतसर परवाना आहे माझ्याकडे. दौंड-पाटस रस्त्याच्या आतल्या बाजूला आमची वस्ती आहे. तिथल्या माझ्या खोलीतून मी जपानशी बोललोय, इटलीशी बोललोय. बोलणं जमत नव्हतं ते फक्त शिरूरशी.

शिरूरला माझे एक रेडिओमित्र आहेत, चर्चमध्ये पाळक आहेत. आमची ओळख परवान्याच्या परीक्षेला झाली. आम्ही नेहमी ज्या आखूड लहरींवर बोलतो, त्या आभाळाला धडकून लांब कुठंतरी जाऊन पडतात. मधली गावं कोरडी राहतात. शेजारच्या तालुक्याशी बोलायचं तर लांब लहरी हव्यात, त्या जमिनीला धरून चालतात. म्हणून आम्ही दोघांनी लांब लहरींचं मनावर घेतलं.

पण लहर लांब म्हणजे अँटेनाही लांब. आमच्या त्या लहरीची एक लाट माझ्या दारापासून मारुतीच्या देवळापर्यंत जाईल एवढी. माझी तार मात्र गच्चीवरून गोठ्यापर्यंतच जायची. संध्याकाळी ठरल्या वेळी मी रेडिओ लावायचो, पाळक तिकडून हाका मारायचे, आणि मला कढईत भजी तळल्यासारखा चर्र आवाज यायचा. मग मोबाइल वाजायचा.

"आलं का ऐकू?"

"नाही हो, पाळकसाहेब."

"मला तुमचं थोडंफार येतंय. तुमच्याकडेच काहीतरी आहे. अँटेना सुधारा."

मोबाइलवर त्यांचा आवाज अगदी स्वच्छ यायचा, त्याचाच मला जास्त राग यायचा.

आधी उंची वाढवायचं ठरवलं. शेजारी आबांची नारळाची झाडं आहेत. आबा सत्तरीचे, शेवंती आणि कांदा करतात, आणि वस्तीत कुणी काय करतंय यावर त्यांची नजर असते. मी त्यांना विचारलं, "आबा, तुमच्या नारळाला तार बांधू का?"

"कसली तार?"

"रेडिओची. शिरूरशी बोलायला."

"शिरूरला तर माझी भाची हाय. रोज बोलती मोबाइलवर." थोडा विचार करून म्हणाले, "बांध. पर माझ्या ज्वारीवरनं ने."

ज्वारीवरून का, ते मला दोन दिवसांनी कळलं. आबांनी माझ्या अँटेनाला पाखरं हाकलायच्या चमकी पट्ट्या बांधल्या होत्या, मधेमधे जुन्या सीड्या लटकवल्या होत्या. वारा आला की सगळं सळसळायचं. पाखरं खरंच कमी झाली. शिरूर काही ऐकू आलं नाही.

पाळक म्हणाले, "जमीन बघा. लांब लहरींना अर्थिंग लागतं." मग मी अँटेनाच्या बुडापासून चारी दिशांना तांब्याच्या तारा पुरल्या. अंगणातली जागा संपली, म्हणून काही तारा बायकोच्या भाजीच्या वाफ्यातून गेल्या. तिला सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी ती खुरपं घेऊन बसली आणि मेथीबरोबर वीतभर तांब्याची तारही उपटून आत घेऊन आली.

"अहो, हे काय उगवलंय?"

मी जमीन, लहर, अर्थिंग सगळं समजावलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पाणी घालू का याला?"

खरं तर ओल असली की अर्थिंग चांगलं होतं, म्हणून मी हो म्हणालो. तेव्हापासून ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, आमच्याकडे मेथी आणि वायर दोन्ही आहे.

एका गुरुवारी मला सुट्टी होती. गुरुवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी दिवसभर लाइट नसते. सहज म्हणून मी रेडिओ बॅटरीवर लावला. चर्र आवाज गायब होता. आणि त्या शांततेत पाळक कुणा तिसऱ्याला सांगत होते, की दौंडच्या मित्राचं काही खरं नाही, त्यांची अँटेना बहुतेक चुकलीय. शब्दन्‌शब्द ऐकू आला. मी उत्तर द्यायला बटण दाबणार तोच लाइट आली आणि पुन्हा भजी तळायला सुरुवात झाली.

म्हणजे अँटेना बरोबर होती. वस्तीतलं कुठलंतरी विजेचं उपकरण घाण करत होतं. ते शोधायचा मार्ग सोपा असतो. छोटा ट्रान्झिस्टर घ्यायचा आणि फिरायचं. जिथं चर्र वाढेल तिथं चोर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शिफ्टवरून आलो तसाच मी निघालो. कानाला हेडफोन, एका हातात ट्रान्झिस्टर, दुसऱ्या हातात काठीला बांधलेली तारेची रिंग. अंगात कंपनीचा खाकी शर्ट तसाच होता, बदलायचं सुचलं नाही.

प्रत्येक घरासमोर उभं राहायचो, काठी वर करायचो, मीटरच्या पेटीकडे न्यायचो, मान हलवायचो आणि पुढं जायचो. दोन-तीन घरं झाल्यावर लक्षात आलं, की पुढच्या घरांतून माणसं लगबगीनं बाहेर येतायत. कुणी शिडी आणत होतं, कुणी बांबू. खांबावरच्या तारांना अडकवलेले आकडे पटापट खाली येत होते. एकानं तर आकडा काढून माझ्याकडे बघत हात जोडले. मीही हात जोडले. मला वाटलं, रामराम करतोय.

कोपऱ्यावर आबांनी गाठलं. आबा मला लहानपणापासून अरेतुरे करतात. त्या दिवशी म्हणाले, "या, बसा. चहा घेता का?"

"आबा, मी तुमच्यासाठी 'तुम्ही' कधीपासून झालो?"

त्यांनी खुर्ची पुढं केली आणि आवाज खाली आणला. "लाइटवाल्यांनी तुम्हाला कवा घेतलं कामावर?"

"कुणी घेतलं?"

"आन् ही काठी? म्हंजी घरात न जाता कळतं म्हना."

मी हेडफोन त्यांच्या कानाला लावले. त्यांनी चर्र आवाज ऐकला आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. "लई घानेरडा आवाज हाय. हा आकड्याचा का?"

"नाही आबा, मी शिरूर शोधतोय."

त्यावर त्यांचा विश्वास बसला नाही. चहा पिईपर्यंत त्यांच्या मागच्या गोठ्यातला बल्ब बंद झाला होता, आणि तो कशामुळं बंद झाला हे मी विचारलं नाही.

सगळी वस्ती फिरून झाली. निम्म्या वस्तीत अंधार पडला, पण चर्र तसाच होता. उलट घराकडे वळलो तसा तो वाढत गेला. दारात आलो तर ट्रान्झिस्टर किंचाळायलाच लागला. काठी पुढं धरून मी स्वयंपाकघरातून थेट देव्हाऱ्यापाशी गेलो. तिथं रंग बदलणारी लाइटची माळ होती, लाल, हिरवी, निळी. मीच दिवाळीत दौंडच्या बाजारातून आणली होती. बायकोला आवडली, म्हणून ती नंतरही काढली नव्हती.

माळ बंद केली. चर्र थांबला. चालू केली, सुरू झाला.

बायको मागं उभी होती. "देवाची लाइट का घालवताय?"

"थोडा वेळ. बोलायचंय."

"कुणाशी?"

"पाळकांशी."

तिनं एकदा देवांकडे बघितलं, एकदा माझ्या हातातल्या काठीकडे. मग समईत तेल घातलं आणि वात लावली. "समईचा आवाज येतो का बघा," म्हणाली.

समईचा आवाज आला नाही. पाळकांचा आला, समोर बसल्यासारखा. इतके दिवस धडपड केल्यावर काय बोलावं हे दोघांनाही सुचेना.

"पाऊस आहे का तिकडे?" मी विचारलं.

"नाही. तुमच्याकडे?"

"नाही."

मग पाळक म्हणाले, "आवाज फार छान येतोय." मी म्हणालो, तुमचाही. आम्ही दोघंही खूप खूश होतो.

चार दिवसांत वस्तीत पुन्हा उजेड पडला आणि आबा पुन्हा अरेतुरेवर आले. एका संध्याकाळी ते स्वतःच माझ्या खोलीत येऊन बसले. पाळकांचा आवाज ऐकून म्हणाले, "व्हय रं, हा शिरूरातला माणूस. कांदा काय भावानं गेला, इचार की."

"आबा, रेडिओवर धंद्याचं बोलायला परवानगी नसते."

"मग काय बोलत्यात?"

"पाऊसपाणी."

आबांनी मला नीट बघून घेतलं. खिशातून मोबाइल काढला, भाचीला लावला, भाव विचारला, घरच्यांची खुशाली विचारली आणि ठेवला. "बरा गेलाय आज कांदा," मला म्हणाले. "सांग त्यांना."

मी माइक उचलला आणि पाळकांना सांगितलं, की इकडे आभाळ जरा भरून आलंय.