शितळाईची सात नाणी

देव मी मानत नव्हतो असं नाही, पण त्याच्यावर विसंबून कधी राहिलो नाही. चौलच्या आमच्या वाडीत मॅट्रिकच्या पुढे गेलेला पहिला मुलगा मी. शिकवण्या करून, लोकांच्या पडव्यांत झोपून बी. ए. झालो आणि जवळच्याच हायस्कुलात मास्तर म्हणून लागलो. या डिग्रीत देवाचा हात किती आणि तुझा किती, असं कोणी विचारलं तर मी "माझाच" म्हणायचो, आणि ते आयेच्या समोरही म्हणायचो. हे आधीच सांगून टाकतो. कारण पुढे जे लिहायचं आहे त्यात माझं वागणं काही चांगलं नाही, आणि ते झाकून नुसती देवीची कृपा सांगत बसणं मला पटत नाही.

गोष्ट नवे पैसे नुकतेच चालू झाले होते तेव्हाची. आयेच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. उजव्या डोळ्याने काहीच दिसत नव्हतं, डाव्याने उजेड आणि सावली एवढंच. अलिबागच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन मुंबईलाच होईल, आणि लांबवलंत तर पुढे करूनही उपयोग होणार नाही. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात खाटेसाठी नाव लावून आलो, पण पाच-सहा महिने तरी नंबर लागायचा नव्हता. खाजगी डॉक्टरांची फी मास्तरच्या पगारात बसत नव्हती. वडील जाऊन चार वर्षं झाली होती. वाडीतल्या नारळ-सुपारीवर घर चालत होतं, पण त्यातून शिल्लक काही पडत नव्हती.

घरात विकण्यासारख्या जुन्या अशा दोनच वस्तू होत्या. एक मोराची पितळी समई, कमरेइतकी उंच, आणि दुसरी सात चांदीची नाणी. पणजोबा वाडीत विहीर खणत होते तेव्हा कुदळीला मडकं लागलं, त्यात ती निघाली. आमच्याकडे जमीन खणली की फुटकी चिनी मातीची भांडी, मणी, नाणी असं काहीबाही निघतंच. कोणे एके काळी इथे मोठं बंदर होतं. पण पणजीने ती नाणी पदरात घेतली आणि म्हणाली, ही गावच्या देवीची, शितळाईची. तेव्हापासून ती देव्हाऱ्यात तांब्याच्या डबीत. दर शुक्रवारी घरातल्या बाईने ती चिंच आणि राख लावून घासायची, धुवायची, कुंकू लावून परत ठेवायची. पणजीने केलं, आजीने केलं, आये करत होती. दिसेनासं झाल्यावरही करत होती.

जुनी पितळ विकत घेत हिंडणारा एक माणूस त्या दिवसांत रेवदंडा-चौलच्या वाड्यांतून फिरायचा. त्याने समई पाहिली, नाणी पाहिली आणि मुंबईतल्या एका व्यापाऱ्याचा पत्ता मला दिला. "मास्तर, मी देईन मोडीचा भाव," तो म्हणाला. "तिथे जुन्या वस्तूचा भाव मिळेल." मी आयेजवळ विषय काढला. वारसाने वस्तू माझ्या, गरज तिच्या डोळ्यांची. मला तरी यात विचार करण्यासारखं काही दिसत नव्हतं.

आये शांतपणे म्हणाली, "समई नेतोस तर ने. नाणी आपली न्हाईत, शितळाईची हायत."

"आणि डोळे कोणाचे आहेत?" मी विचारलं.

"ते पण तिचंच. तिला वाटलं तर ठेवील."

"ती काय ऑपरेशन करणार आहे?"

"तू बी. ए. झालास, तुला म्हायती," आये म्हणाली आणि सुपारी कातरायला लागली. अडकित्ता तिच्या हातात डोळे असल्यासारखा चालायचा.

समई विकायला काढली तरी तिचा भाव डॉक्टरच्या फीच्या आसपासही जात नव्हता, ते त्या माणसाने आधीच सांगितलं होतं. भरवसा सगळा नाण्यांवर. तेव्हा मी जे केलं ते असं. शाळेच्या पगारातून नवे कोरे सात रुपये बाजूला काढले, सिंहाच्या छापाचे. आये सवयीच्या पायवाटेने चाचपडत वाडीत पाणी धरायला गेली असताना डबीतली नाणी काढून घेतली आणि ते रुपये आत ठेवले. वजन जवळपास तेच, आकार जवळपास तोच. तिला दिसत नाही याचा मी फायदा घेतला. तिच्याच डोळ्यांसाठी घेतला, असं स्वतःला समजावलं. नाणी माझ्या ट्रंकेत डिग्रीच्या कागदाखाली ठेवली. शाळेत परीक्षा चालू होत्या, त्यामुळे मुंबईला जायला तीन आठवडे थांबावं लागलं.

पहिल्या शुक्रवारी मी मुद्दाम ओटीवर वह्या तपासत बसलो. आयेने डबी उघडली, एक नाणं उचललं, आणि तिचा हात थांबला. मग तिने ते चिंचेत बुडवलं आणि नेहमीसारखं घासायला घेतलं. माझ्या जिवात जीव आला. पुढचे दोन शुक्रवारही तसेच गेले. पण खरं सांगतो, ती त्या सरकारी रुपयांना कुंकू लावून हात जोडायची तेव्हा मला तिकडे बघवत नसे. परीक्षेत कॉपी करताना पकडलेल्या पोराला मी वर्गात काय काय बोललो होतो, ते सगळं आठवायचं.

परीक्षा संपल्या. शाळेच्या कामाला जातो असं सांगून निघालो. चांगला भाव यावा म्हणून आदल्या दिवशी मी स्वतः शाळेच्या विहिरीवर ती नाणी काथ्याने खसाखसा घासली. अगदी आरशासारखी केली. रेवसला लाँच धरली. समुद्र शांत होता. भाऊच्या धक्क्याला उतरेपर्यंत माझा हात कोटाच्या खिशावरून हलला नाही.

व्यापारी एक म्हातारे बोहरी गृहस्थ होते. पांढरी दाढी, डोळ्याला भिंग. सातही नाणी त्यांनी एकेक करून उजेडात धरली आणि ओळीने मांडून ठेवली. मग मला विचारलं, "मास्तर, हे एवढा साफ कोणी केला?"

मी जरा फुशारकीनेच म्हणालो, "मी."

ते हसले. "तुमच्या घरच्या बायांनी अक्षर घासला, राजा घासला. थोडा जुना रंग राहिला होता, तो तुम्ही शिकलेल्या माणसाने घासला. आता ह्याच्यात काय राहिला? चांदी. ती पण सोनाराच्या भावाने." आणि मग सहज विचारावं तसं, "कोण घासते ह्याला?"

"आई. त्याआधी आजी, पणजी. देवीची म्हणून."

"मग विकते कशाला?"

तिथे का कोण जाणे, मला खोटं बोलता आलं नाही. डोळ्यांचं सांगितलं. तिला न सांगता आणली आहेत, हेही सांगितलं. हे मी तोवर कोणालाही सांगितलं नव्हतं. म्हातारबाबांनी डोळ्याचं भिंग उतरवून ठेवलं. मग त्यांनी सातही नाणी एका मऊ फडक्यात बांधली आणि माझ्यापुढे सरकवली. एका कागदावर चार ओळी लिहिल्या. "हे माझे गिऱ्हाईक आहेत. डोळ्याचे मोठे डॉक्टर. जुन्या नाण्याचा त्यांना फार शौक. ही नाणी ते घेणार नाहीत, पण तुमच्या आईचे डोळे बघतील. आणि आईला सांगा, घासत राहा."

चिठ्ठी घेऊन मी त्याच दुपारी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पुढच्याच आठवड्यात आयेला घेऊन यायला सांगितलं आणि फी घेणार नाही म्हणाले. फुकट नको, असं मी म्हणालो. गरिबी होती तरी ताठा होता. ते म्हणाले, "वाडी आहे ना तुमची? मग दर वर्षी शहाळी आणून द्या. मला फार आवडतात." आजही देतो.

परतीच्या लाँचवर मी खिशावर हात ठेवला नाही. नाणी विकायला निघालो होतो, ती तशीच परत येत होती. आणि ज्यासाठी विकायची होती ते न विकताच मिळालं होतं. हा योगायोग म्हणणारे म्हणोत, मीही म्हणून पाहिलं. पण त्या संध्याकाळी घरी आयेसमोर बसून सगळं कबूल करायचं होतं, आणि तिथे कोणताच शब्द पुरा पडत नव्हता.

मी सांगितलं. नाणी तिच्या हातात दिली. ती म्हणाली, "म्हायती हाय मला. पयल्याच शुक्रवारी कळलं. कडा बोचल्या हाताला."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? माझा पोरगा माझ्यासाठी चोर झाला, हे काय गावाला सांगू? देवीला म्हटलं, तुझं त्याने नेलंय, तूच बघ त्याच्याकडे."

"आणि त्या रुपयांना कुंकू कशाला लावायचीस?"

"त्यांचा काय दोष? सरकारी हायत म्हणून काय झालं?"

मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. मोठा झाल्यापासून मी तसं केलं नव्हतं.

ऑपरेशन झालं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून आये कितीतरी दिवस उताणी पडून होती, एकदाही कुरकुरली नाही. जाड भिंगांचा चष्मा लावून घरी आली आणि पहिल्याच शुक्रवारी डबी घेऊन उजेडात बसली. जुनी नाणी उलटसुलट करून बघत राहिली.

"यावरचा राजा कुठे गेला?"

"पुसला गेलाय, आये. केव्हाचाच."

"मला वाटायचं, माझेच डोळे गेलेत म्हणून दिसत न्हाय," ती म्हणाली आणि मनापासून हसली. मग माझे रुपये उचलून सिंह बघितले. "हे बरे दिसतात की. राहू दे दोन्ही."

तेव्हापासून डबीत चौदा नाणी आहेत. आयेचे हात आता थरथरतात, म्हणून शुक्रवारचं घासणं माझ्याकडे आलं आहे. वाडीतले लोक हसतात, मास्तर बायकांचं काम करतो म्हणतात. मला ते काम लागतं. मी हिशोबाने, अकलेने, आणि शेवटी लबाडीनेही जे मिळवायला निघालो होतो, ते मला खरं बोलल्यावर मिळालं, तेही ज्याची ओळखदेख नव्हती अशा माणसाच्या हातून. डिग्रीत माझा हात किती, ते मला अजून माहीत आहे. बाकीच्यात कोणाचा हात आहे, ते मी आता विचारत नाही. डबी उघडतो, चिंच लावतो, घासतो. रुपयांवरचे सिंह अजून दिसतात. पण त्यांच्या कडा आता हाताला बोचत नाहीत.