निनावी साक्षीदाराची वहिनी

वहिनींना ऑफिसातही सगळे वहिनीच म्हणत, आणि याचं खापर भाऊजींच्या, म्हणजे त्याच ऑफिसात मुकादमी करणाऱ्या धाकट्या दिराच्या माथी. पहिल्या दिवशी त्यांनी वहिनींना हॉलच्या मधोमध उभं केलं आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "या आमच्या वहिनी. जरा सांभाळून घ्या." झालं. तेव्हापासून मिसरूड न फुटलेल्या पोरांनाही त्या वहिनी आणि टक्कल पडलेल्या सुपरवायझरलाही वहिनी. खरं नाव फक्त पगाराच्या चिठ्ठीवर उरलं.

काम कसलं, तर जगाची उष्टी काढायचं. लोक मोबाइलवर जे काही टाकतात, त्यातल्या ज्याची कुणी तक्रार करेल ते यांच्या पडद्यावर यायचं, आणि ते बघून बटण दाबायचं: ठेवा, काढा किंवा निकाली. निकाली म्हणजे तक्रारीत दम नाही, बंद करा. अ‍ॅप एका बड्या कंपनीचं, हॉल ठेकेदाराचा आणि माणसंही ठेकेदाराची. थोडक्यात घाण त्यांची, हात यांचे, आणि काही बिनसलंच तर कोण कुणाला ओळखत नाही. हॉल एका फर्निचरच्या दुकानावर होता. खाली गिऱ्हाइकं गाद्या दाबून बघायची आणि वर ही मंडळी माणूस माणसाचं काय काय करतो ते बघत बसायची.

पहिल्याच आठवड्यात वहिनी बाथरूममध्ये जाऊन भडाभडा ओकल्या. तेव्हा भाऊजींनी त्यांना एक युक्ती शिकवली. भाऊजींबद्दल पुढे बरंच वाईट सांगायचं आहे, म्हणून हे चांगलं आधी सांगून टाकतो. ते म्हणाले, मधे बघायचंच नाही. चित्र आलं की डाव्या कोपऱ्यापासून सुरू करायचं, मग वरची कड, मग उजवी बाजू. भिंत, खिडकी, टेबल असं करत मधे पोचेपर्यंत काय आहे ते कळलेलं असतं, आणि अंगावर कमी येतं. प्रत्येक नव्या माणसाला ते ही युक्ती शिकवत आणि शोध आपलाच आहे हेही न विसरता सांगत. वहिनींच्या ती इतकी अंगवळणी पडली की भाजी घ्यायला गेल्या तरी टोपली कडेपासून बघायच्या.

या उपकाराची फेड मात्र घरी करावी लागायची. तिघं एकाच घरात राहत. जेवायला जरा उशीर झाला, टॉवेल जागेवर नसला, की भाऊजी म्हणायचे, "मी चिकटवलं म्हणून." वाक्य तेवढंच, पुढचं ज्याचं त्यानं समजून घ्यायचं. वहिनींचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर लोकांच्या लिफ्टा वर-खाली करून आलेला तो गृहस्थ धाकट्या भावापुढे ब्र काढत नसे.

एक दिवस ठेकेदाराच्या बड्या साहेबांनी बैठक घेतली. साहेब, भाऊजी आणि कंपनीकडून आलेला एक गुळगुळीत माणूस. वहिनींना आकडे पडद्यावर दाखवायला बसवलं होतं, म्हणजे त्या खोलीत होत्या पण बैठकीत नव्हत्या. तिथे ठरलं की शाळकरी मुलांची तक्रार आली आणि सोबत पालकांची संमती नसली, तर ती सरळ निकाली काढायची. मुलं कंटाळतात आणि थांबतात, गुळगुळीत माणूस म्हणाला, आकडे लगेच सुधारतात. भाऊजींनी नंदीबैलासारखी मान हलवली.

आता सांगा, आईबापांना कळू नये म्हणून धमकावलेलं पोर आईबापांची संमती कुठून आणणार? वहिनींच्या पडद्यावर अशीच एक मुलगी येऊ लागली. तिचा फोटो कुणा नराधमाच्या हाती लागला होता आणि तो आणखी फोटो मागत होता. तक्रार न वाचता बंद करायचा हुकूम होता, पण वहिनींनी ती वाचली. वाचली आणि निकाली काढली, कारण मागे भाऊजी फेऱ्या मारत होते. मुलगी परत आली. वहिनींनी परत वाचली आणि परत निकाली काढली. शेवटच्या तक्रारीत तिनं एवढंच लिहिलं होतं, "कोणी वाचतंय का?" त्यावरही वहिनींचं बोट पडलं. त्यानंतर मुलगी आली नाही आणि वहिनींची झोप उडाली.

त्या सुमारास संसदेची एक समिती अशा कंपन्यांची चौकशी करत होती. आतल्या माणसांनी पुढे यावं, नाव बाहेर येणार नाही, असं तिनं जाहीर केलं होतं. दाताच्या डॉक्टरचं निमित्त करून वहिनी गेल्या आणि बंद खोलीत सगळं सांगून आल्या. सगळं म्हणजे एक गोष्ट सोडून. बटण कोण दाबतं असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, कर्मचारी दाबतात.

समितीनं दोन कायद्यांत बदल सुचवले. ऑनलाइन सुरक्षेच्या कायद्यात असं की मुलांची प्रत्येक तक्रार माणसानं वाचलीच पाहिजे. आणि गैरप्रकार उघड करणाऱ्यांना संरक्षण देणाऱ्या कायद्यात असं की ठेकेदाराच्या माणसांनाही ते मिळावं, त्यांना कामावरून काढता येऊ नये. वहिनींचा सगळा जीव या दुसऱ्या दुरुस्तीत अडकला होता. ती झाली तर नाव फुटलं तरी चूल पेटती राहणार होती.

इकडे ऑफिसात कोण फुटलं याचा शोध सुरू झाला आणि भाऊजी त्यात सगळ्यांच्या पुढे. घरी ताटावर बसले की तोंडाचा पट्टा सुरू. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी अवलाद, म्हणायचे, सापडू दे एकदा, उभा सोलतो. वहिनी विचारायच्या, "भाऊजी, भात वाढू?" आणि पातेल्यावर डाव आपटणार नाही एवढी काळजी घेत वाढायच्या. त्यांना या माणसाचा मनापासून तिरस्कार वाटायचा, आणि त्याच्याच युक्तीवर आपण तगलो आहोत याचा त्याहून जास्त.

चर्चेच्या दिवशी साहेबांनी कँटीनमधला टीव्ही मुद्दाम लावून ठेवला. सभागृहात चर्चा कसली, निव्वळ गावगोंधळ. अर्धे बाक रिकामे, उरलेल्यांत अर्धे मोबाइलमध्ये. मंत्र्यांनी दुरुस्त्या वाचल्या त्या एखाद्यानं किराणा वाचावा तशा. मग एक भरघोस मिशांचे सभासद उठले. ते म्हणाले, हा निनावी साक्षीदार कुणी पाहिलाय का? तो हाडामांसाचा आहे की समितीवरच्या खासदारबाईंच्या स्वप्नात आला होता? बाकं बडवली गेली. कँटीनमध्ये भाऊजींनीही टेबल बडवलं.

खासदारबाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. साक्ष गोपनीय आहे, वाचता येणार नाही, असं अध्यक्ष सांगत राहिले. पण टाळीची हौस आणि डिवचलेला अहंकार एकत्र आले की गोपनीयतेला कोण विचारतो? "ऐकाच तर मग," बाई म्हणाल्या आणि त्यांनी कागद काढला. साक्षीदाराचं नाव, हुद्दा, बाई की पुरुष, सगळं त्यांनी गाळलं होतं. बाकी साक्ष शब्दन् शब्द वाचली. बैठकीच्या टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात पाण्याची अर्धी बाटली होती. वर भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ. उजवीकडे प्रिंटर आणि त्यावर कुणाचा तरी डबा. आणि मधे बसलेली माणसं मुलांच्या तक्रारी न वाचता बंद करायचं ठरवत होती.

सभागृहाला यात काही कळलं नाही. कँटीनला सगळं कळलं. चमचे थांबले आणि सगळ्यांच्या माना वळल्या, पण वहिनींकडे नाही. युक्ती भाऊजींची, डंका भाऊजींनीच पिटलेला, आणि त्या खोलीत भाऊजीच होते. आकडे दाखवायला कोण बसलं होतं हे साहेबांच्याही लक्षात नव्हतं.

"डाव्या कोपऱ्यापासून," साहेब म्हणाले. "वा."

भाऊजींच्या तोंडचं पाणी पळालं. ते शपथा घेऊ लागले. आणि घेता घेता त्यांची नजर वहिनींवर गेली, अडकली, आणि त्यांना उमगलं. ते नाव घेणार हे वहिनींना दिसलं. इतके दिवस या माणसाचं जे जे ऐकून घेतलं ते घेतलं, पण हे त्याच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. त्या उभ्या राहिल्या.

"मी सांगितलं," त्या म्हणाल्या.

साहेब हसले. दिरासाठी वहिनी पुढे आली, म्हणाले, घर असावं तर असं. भाऊजी ओरडले की खरंच तीच आहे, तिलाच विचारा. "आता बाईच्या पदराआड लपताय?" साहेबांनी विचारलं, आणि दोघांनाही आपापलं सामान उचलून चालतं व्हायला सांगितलं.

त्याच दिवशी मतदान झालं. मुलांच्या तक्रारींची दुरुस्ती टाळ्यांच्या कडकडाटात मंजूर झाली. ठेकेदाराच्या माणसांची दुरुस्ती अधिक अभ्यासासाठी मागे ठेवली. अभ्यास अजून चालू आहे.

खोकं घेऊन जिना उतरतानाचा भाऊजींचा फोटो पेपरात आला. चेहरा रागानं लाल. तो राग मागून येणाऱ्या वहिनींवर होता, पण पेपरानं खाली छापलं: अन्यायाविरुद्धचा संताप. मग खासदारबाईंचा फोन आला. भाऊजींनी आधी सांगितलं की तो मी नव्हे. मग कळलं की सत्कार आहे, आणि बाईंच्या संस्थेत एक जागाही रिकामी आहे. तेव्हा भाऊजींना हळूहळू आठवू लागलं की आपण किती धाडसी होतो. ते हार घालून आले, भाषण करून आले, आणि घरी येऊन म्हणाले की वहिनी, पाणी आणा. ज्या बाईला उभं सोलणार होते तिच्याच जिवावर मिरवताना त्यांचा घसा जरा कोरडा पडला असावा.

वहिनी बेकरीच्या काउंटरवर लागल्या. नवऱ्यानं एकदा हिंमत करून विचारलं, तू बोलत का नाहीस? त्या म्हणाल्या, सुंठीवाचून खोकला गेला, जाऊ दे. आणि त्यात खोटं काही नव्हतं. आपल्याला कुणी काही विचारणार नाही याचं त्यांना बरंच वाटत होतं.

एका रविवारी दुपारी एक बाई फुलं घेऊन घर शोधत आल्या. त्यांनी भाऊजींचं भाषण ऐकलं होतं. फुलं भाऊजींच्या हातात देऊन त्या बसल्या आणि सांगू लागल्या. त्यांची मुलगी. तिचा फोटो. घरात कुणाला पत्ता नव्हता, तिनं सगळं एकटीनं सोसलं, आणि आता ती शाळेत जात नाही, खोलीबाहेरही येत नाही. तिच्या मोबाइलवर सगळ्या तक्रारी सापडल्या आणि प्रत्येकीपुढे निकाली. भाऊजींनी नव्यानं कमावलेल्या आवाजात यंत्रणेबद्दल काही सुरू केलं. वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या.

"ते ऐकलंय मी," बाई म्हणाल्या. "मला एकच सांगा. शेवटी तिनं नुसतं विचारलं होतं, कोणी वाचतंय का. त्यावर बटण कुणी दाबलं? तुम्ही तिथे होतात."

"कर्मचारी असतात," भाऊजी म्हणाले.

"त्याला नाव असेल ना."

भाऊजी हातातली फुलं सारखी करू लागले. त्यांनी मान वर केली नाही, वहिनींकडे बोटही दाखवलं नाही. तोंड उघडलं असतं तर हारही गेला असता आणि जागाही. वहिनी नुसता ट्रे खाली ठेवून आत गेल्या असत्या तरी चाललं असतं.

"मी दाबलं," त्या म्हणाल्या.

साहेबांचा वहिनींच्या कबुलीवर विश्वास बसला नव्हता. या बाईंचा लगेच बसला. त्यांनी सरळ वहिनींकडे बघितलं, आणि त्या नजरेला कडा नव्हत्या की कोपरे नव्हते.

"वाचलं होतंत?"

"हो," वहिनी म्हणाल्या. "प्रत्येक वेळी."