मोबाइलमधल्या हरण्याचं दावं

मोबाइलमधल्या बैलाचे दात बघायला मागणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच आहे आणि तो माझ्या वाट्याला थोरले साडू म्हणून आला आहे. देवणीच्या बाजारात त्यांनी जन्मभर जनावरांची दलाली केली. शेवटचा बैल हरण्या म्हातारा होऊन गेला, तेव्हा त्याचं दावंही त्यांनी त्याच्यासोबतच पुरलं. गोठा ओस पडला. ते नुसते बसून असतात म्हणून लेकीनं मोबाइलवर एक खेळ लावून दिला. त्यात लोक जनावरं पाळतात आणि खऱ्या रुपयांत एकमेकांना विकतात. दादांचा वेळ जाईल, असं तिला वाटलं. वेळ गेला तो आमचा. भाच्याच्या लग्नात ह्यांनी अक्षता एका हातानं टाकल्या, कारण दुसरा हात बैलाला पाणी दाखवत होता. "वैरण टाकून राहिलो, जरा थांबा," हे तर पंगतीतसुद्धा ऐकावं लागे.

खेळातल्या बैलाचं नावही त्यांनी हरण्याच ठेवलं. अहमदपूरच्या एका बँकेतल्या साहेबांना तो आवडला. घरबसल्या बटण दाबून सौदा झाला असता, पण साडूंनी त्यांना एसटीनं देवणीला बोलावलं, रुमालाखाली त्यांचा हात धरला आणि बोटं दाबून भाव ठरवला. खोलीत तिसरा मी एकटाच. मी विचारलं, "लपवताय कुणापासून?"

"तुमच्यापासूनच. पाव्हणं, तुमचं तोंड लई सैल हाय."

पैसे आले, हरण्या गेला आणि साडूंचा चेहरा उतरला. आमच्याकडे बैल विकतात, दावं विकत नाहीत. दावं घरी राहिलं तर गोठ्याची बरकत राहते. हा बैल दाव्यासकट गेला होता. "साहेब, पैसे वापस घ्या, पर दावं तेवढं द्या," ते काकुळतीनं म्हणाले. साहेबांनी दिसेल ते बटण दाबून पाहिलं, दावं काही सुटेना. त्या दिवशी साडूंनी पुरणपोळी परत केली. त्यांना ओळखणाऱ्यांना दुःख कळायला तेवढं पुरे.

आठवड्यानं अहमदपूरच्या एसटीतून एक पिशवी आली. आत अंबाडीचं नवंकोरं दावं, साहेबांनी पाठवलेलं. मी पोट धरून हसलो. साडू मात्र उठले आणि ते रिकाम्या गोठ्यातल्या खुंटीला अडकवून आले.

"आता ह्याला बांधणार काय?" मी विचारलं.

"न्हाई काही. खुंटी लई दिवस मोकळी होती."

मग त्यांनी खराटा घेतला आणि गव्हाण झाडायला लागले. दुसरा खराटा शोधून मीही त्यांच्या शेजारी वाकलो.